राक्षस, सोनखत आणि नाला

वाहत्या पाण्यापुढे कागदावर 'नदी' लिहिले काय किंवा 'नाला' लिहिले काय, त्याने काय बिघडते, असे कुणालाही वाटेल. खात्यात काम करणाऱ्याला तसे वाटत नाही. मी स्थापत्यचा डिप्लोमाधारक, राज्य शासनाच्या नोकरीत, आणि नोकरीची बरीच वर्षे अंदाजपत्रके करण्यातच गेली. 'नदी' शब्द आला की मागोमाग पूररेषा येते, घाट येतो, काठावर किती जागा मोकळी सोडायची हा प्रश्न येतो. 'नाला' म्हटले की प्रश्न एवढाच उरतो : पाईप टाकायचे की वरून स्लॅब घालायचा? पाणी तेच असते. पण शब्द बदलला की खर्चाचे शीर्षक बदलते, आणि शीर्षक बदलले की त्या पाण्याचे नशीबही बदलते.

हवेवर, पाण्यावर, जमिनीवर आलेले संकट सहसा अंगावर धावून येत नाही. ते हळूहळू येते, आकड्यांत दिसते, आणि आकडे सामान्य माणसाच्या लक्षात राहत नाहीत. मग कुणीतरी त्याला ओळखीच्या वस्तूचे नाव देतो. ते नाव लोकांच्या तोंडी बसले की शास्त्रज्ञ मागे राहतात, उपमा पुढे जाते, आणि सरकारेही त्या उपमेला धरून वागू लागतात.

ओझोनचे उदाहरण घ्या. मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात लिहिले की अंटार्क्टिकावरचा ओझोन तिथल्या वसंत ऋतूत झपाट्याने घटतो आहे. थोड्याच दिवसांत जगाने त्याला 'भोक' म्हणायला सुरुवात केली. वास्तविक आकाशाला भोक वगैरे काही पडले नव्हते, एक थर विरळ झाला होता. पण छपराला भोक पडल्यावर काय करायचे हे सांगायला विद्वान लागत नाही. कशाने पडले ते शोधायचे आणि ते थांबवायचे. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल येथे करार झाला आणि फ्रीज, एसी, फवाऱ्याचे डबे यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले. (हाच दिवस आता ओझोन दिन म्हणून पाळतात, आणि बऱ्याच वर्षी तो आपल्या गणपतीच्या दिवसांतच येतो.) एका शब्दाने करार झाला असे मी म्हणत नाही. तो वायू बनवणारे कारखाने मोजके होते आणि पर्याय सापडण्यासारखे होते. पण शब्दाने वाट सोपी केली, हे खरे.

याच्या उलट 'हरितगृह परिणाम'. हवेतला कर्बवायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित स्वीडनच्या आर्हेनियसने १८९६ सालीच मांडले होते. थंड देशात राहणाऱ्या त्या गृहस्थाला ही ऊब पुढे सुखाचीच होईल असे वाटले. काचेच्या घरात रोपे वाढवणाऱ्या देशांत ही उपमा जन्माला आली आणि आपण तिचे बिनचूक भाषांतर केले. पण आपल्याकडे 'हरित' शब्द कानावर पडला की मन प्रसन्न होते. हरितक्रांती झाली, हरितपट्टे झाले. आणि हरितगृह म्हणजे ज्यात ढोबळी मिरची आणि जरबेरा येतो, ज्याला अनुदान मिळते ते. त्याच्या 'परिणामा'ला शेतकऱ्याने घाबरावे तरी कशासाठी? भाषांतर जगले, उपमा मेली.

हे झाले जगाचे. आपल्या इंदूरच्या गेल्या शंभर वर्षांत घाण, रोगराई आणि पाणी यांना इतकी वेगवेगळी नावे मिळाली आहेत, आणि प्रत्येक नावाने शहराला इतक्या वेगळ्या दिशेला नेले आहे, की त्यावर कुणीतरी लिहायला हवे होते. पण सुरुवात पुण्यापासून करावी लागेल.

आर्हेनियसचे गणित छापून आले त्याच १८९६ साली मुंबईत प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि पुण्यात रँडसाहेबाच्या हाती प्लेगचा कारभार गेला. पुढचे आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते त्या कारभाराच्या भाषेकडे. झडती घेणाऱ्या तुकड्या, सक्तीने वेगळे ठेवण्याच्या छावण्या, आणि घरात शिरायला गोरे सोजीर. प्लेग हा शत्रू ठरला आणि शत्रू घराघरांत लपला आहे असे गृहीत धरले की घरमालक आपोआप संशयित ठरतो. त्या साथीत स्वतः रुग्णाची सेवा करताना १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. म्हणजे प्लेगशी झगडायला लोक तयार नव्हते असे मुळीच नाही. पण लोकांना सोबत घेण्याची जागाच त्या युद्धाच्या कल्पनेत नव्हती. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. उंदीर आणि पिसवा मात्र आपापल्या ठिकाणी होत्या.

आता वीस वर्षे पुढे या. इंदूरलाही प्लेग वारंवार येत होता. गादीवर तिसरे तुकोजीराव होळकर होते. त्यांच्या दरबाराने शहराची पाहणी करून आराखडा देण्यासाठी एका स्कॉटिश गृहस्थाला बोलावले. त्यांचे नाव पॅट्रिक गेडेस. मूळचे जीवशास्त्रज्ञ, मग नगररचनाकार. वय साठीच्या पुढे, दाढी वाढलेली, आणि पायी गल्लीबोळ पालथे घालण्याची सवय. (पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच पाठिंब्याने विलायतेला शिकायला गेले. आपल्या मराठी विद्येवरही या माणसाचे ऋण आहे.) इंदूरवरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. अहवाल मोठाच आहे. पण त्याआधी, १९१७ च्या दिवाळीत, त्यांनी जे केले ते अहवालापेक्षा मोठे होते, असे माझे मत आहे.

त्यांनी महाराजांकडे एका दिवसाचे राज्य मागितले आणि महाराजांनी ते दिले. मग शहरात दवंडी गेली की दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरे जास्तीत जास्त दुरुस्त आणि साफ झालेली असतील त्या रस्त्याने ती जाईल. घरातला, परसातला कचरा सरकारी गाड्या फुकट नेतील. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चढाओढ लागली. भिंती सारवल्या गेल्या, वर्षानुवर्षे साठलेली अडगळ बाहेर पडली. त्या दिवसांत सुमारे सहा हजार गाड्या कचरा शहराबाहेर गेला, अशी नोंद आहे. एकाही घरात शिपाई शिरला नव्हता.

मिरवणुकीत आधी समृद्धीची, पीकपाण्याची दृश्ये होती. मग वाद्यांचा सूर बदलला आणि पडक्या घरांची, घाणीची, रोगांची दृश्ये आली. त्यांत घाणीचा राक्षस होता, रावणासारखा उंच. आणि त्याच्याजवळ प्लेगचा भला मोठा उंदीर, ज्याच्या अंगावर कीटक थरथरत होते. मूषक आपल्या बाप्पाचे वाहन; पण हा उंदीर वेगळा, पिसवा घेऊन आलेला. प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो हे शास्त्राने तेव्हा नुकतेच पक्के केले होते. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्यालाही ते त्या उंदराकडे पाहून कळले असेल. एकही व्याख्यान न देता.

त्यामागून वाद्ये पुन्हा आनंदात वाजू लागली आणि आले शहराचे सफाई कामगार. स्वच्छ पांढरे कपडे, नवी पागोटी, रंगवलेल्या गाड्या, शिंगे रंगवलेले बैल. गेडेस यांनी त्यांच्यातल्या एका वृद्धाचा फुलांनी सन्मान केला. ज्याची सावली टाळायची त्याच्या गळ्यात राजाच्या जागी बसलेल्या माणसाने फुले घालणे, हे १९१७ सालचे आहे हे विसरू नका. मग एक नवी देवी आली, 'इंदूर नगरी'. तिच्या हातातल्या ध्वजावर शहराचा नकाशा होता आणि त्यावर होऊ घातलेल्या सुधारणांच्या लाल रेघा. पुढे मुलांना फळे वाटली गेली, आणि घरोघरी लावायला तुळशीची रोपे. संध्याकाळी राक्षस आणि उंदीर दोघांचेही दहन झाले. लोक रस्त्यात या साहेबाकडे बोट दाखवून सांगू लागले की प्लेग पळवून लावणारा तो हाच.

प्लेग खरोखरच ओसरला. त्याला ऋतूचीही साथ होती; प्लेग ऋतूप्रमाणे चढतो आणि उतरतो. त्यामुळे मिरवणुकीने प्लेग गेला असे लिहिणे भाबडेपणाचे होईल. पण पुण्यातल्या आणि इंदुरातल्या दोन उपमा शेजारी ठेवून बघा. दोन्ही ठिकाणी घरे साफ व्हायला हवी होती. युद्ध म्हटल्यावर सरकार घरात शिरले, आणि मिरवणूक म्हटल्यावर लोक स्वतः घर आवरून दारात उभे राहिले.

गेडेस यांची अहवालातली भाषाही याच जातीची आहे. शहर म्हणजे शरीर. आधी निदान, मग उपचार. आणि कापाकापी करायचीच तर जेवढे राखता येईल तेवढे राखून. जुन्या वस्तीतून रुंद सरळ रस्ता फोडण्याऐवजी दोन-चार पडकी घरे काढा, चौक मोकळा करा, विहीर साफ करा, झाड लावा, असा त्यांचा सल्ला असे. आम्ही अभियंते शहराला यंत्र समजायला शिकतो. यंत्राचा भाग बिघडला की बदलायचा. शरीराचे तसे नसते, हे या माणसाने शंभर वर्षांपूर्वी सांगितले. आमच्या डिप्लोमाच्या पुस्तकांत मात्र त्याचे नाव नव्हते.

दुसरा शब्द सोनखत. हा साहेबाने आणलेला नाही, आपलाच आहे. माणसाच्या मैल्याच्या खताला मराठी शेतकरी सोनखत म्हणतो. जगात बहुतेक ठिकाणी ज्याचे नाव घेताना नाक मुरडतात त्याला आपल्या भाषेने सोने म्हटले. याच इंदूरला १९२४ मध्ये वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली, होळकर दरबाराने जमीन दिली, आणि अल्बर्ट हॉवर्ड संचालक म्हणून १९३१ पर्यंत तिथे राहिले. आजचे कृषी महाविद्यालय त्याच जागी आहे. शेतातला पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरल्या दिवशी उलटापालट करून, साधारण तीन महिन्यांत उत्तम खत बनवायची रीत त्यांनी बसवली. जगभरचे सेंद्रिय शेतीवाले आजही तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. १९३१ चे त्यावरचे पुस्तक दोघांच्या नावावर आहे : हॉवर्ड आणि यशवंत वाड. आडनाव आपले वाटते, पण आपल्यात या वाडांची आठवण कुठे निघताना दिसत नाही. पुढे वस्तीतला कचरा आणि मैला यांनाही हीच रीत लावण्यावर वाडांनी काम केले. गांधीजी १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा तेही हे काम पाहायला गेले होते.

हॉवर्ड यांच्या सगळ्या विचारात एक कल्पना आहे : जमिनीतून घेतले ते जमिनीला परत द्यायचे. म्हणजे कचरा हा शत्रूही नव्हे आणि राक्षसही नव्हे, ते देणे आहे. राक्षसाला जाळून मोकळे होता येते. देणे मात्र दरवर्षी फेडावे लागते. धोरण म्हणून मला हीच उपमा अधिक टिकाऊ वाटते. फक्त सोनखत या शब्दात एक लबाडी आहे, तीही सांगितली पाहिजे. त्या सोन्याची पाटी डोक्यावर वाहणाऱ्याला सोने कधी मिळाले नाही. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी घालणारा कायदा देशात १९९३ मध्ये झाला, तो पुरेसा पडला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. गोड नाव देऊन काम झाकता येते, आणि काम करणाराही झाकला जातो.

आता तिसरा शब्द, जो सर्वांत महाग पडला.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव, शिवाजीराव यांची ही स्मारके. होळकरांनी ती तिथेच का बांधली? कारण तिथे नदी होती. कान्ह, जिला इंदूरकर वर्षानुवर्षे खान म्हणत आले, आणि तिला येऊन मिळणारी सरस्वती. राजघराण्याची छत्री कुणी नाल्याच्या काठी बांधत नाही. मग ही नदी नाला कधी झाली? कुठल्या एका तारखेला नव्हे. गिरण्या आल्या, वस्ती वाढली, पाण्याने मैला वाहून नेणारे संडास आले. पण माझ्या मते घाव पडला तो एका चांगल्या गोष्टीमुळे. १९७८ मध्ये जलूदहून नर्मदेचे पाणी इंदूरला आले, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, डोंगर चढून. शहराची तहान भागली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पिण्याचे पाणी दूरच्या नदीतून येऊ लागले की जवळची नदी कुणाला लागत नाही. वर नर्मदेचे आलेले पाणी वापरून झाल्यावर जायचे कुठे, तर उताराने कान्हमध्ये. नर्मदा 'मैया' राहिली आणि कान्ह 'नाला' झाली. नाल्यात घाण जायचीच, त्यात कुणाला वावगे वाटत नाही. म्हणून मग नाला म्हणत गेलो तशी तिच्यात घाण सोडत गेलो, आणि घाण सोडत गेलो तसे नाला म्हणत गेलो.

अलीकडे काम झाले, हे नाकारणार नाही. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत देशात वरच्या स्थानी आहे. घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा होतो, आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करण्याची सोय आहे. त्या योजनेचे सरकारी नाव 'गोबर-धन'. सोनखताचेच ते भावंड. वाडांना ऐकून आनंद झाला असता. सांडपाणी नदीत पडण्याआधी अडवून शुद्धीकरणाकडे वळवले गेले आणि २०२१ मध्ये शहराला 'वॉटर प्लस' हा दर्जा देशात सर्वप्रथम मिळाला. मात्र त्या कामाचे नाव 'नाला टॅपिंग'. आणि सगळ्या मोहिमेची भाषा खेळाची : हॅटट्रिक, चौका, पंच, छक्का. या भाषेने इंदूरकरांना अभिमान दिला, चढाओढ दिली. गेडेस यांनीही मोहल्ल्यांत चढाओढच लावली होती. फरक इतकाच की त्यांच्या मिरवणुकीचा रस्ता घराच्या दारावरून जात होता आणि आताच्या स्पर्धेचे गुण परीक्षक देतात. परीक्षकाच्या कागदावर जेवढे रकाने, तेवढे शहर चकचकीत होते.

कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. क्षिप्रा सिंहस्थाची नदी. २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्हचे पाणी क्षिप्रेच्या घाटांत मिसळू नये म्हणून पाईपलाईन टाकून ते घाटांच्या पुढे नेले गेले. २०२८ च्या सिंहस्थासाठी बंद नलिकेचे त्याहून मोठे काम हाती घेतले आहे. अभियंता म्हणून मला त्यातले कौशल्य दिसते, आणि भाविकांची सोय व्हायलाच हवी. पण नकाशावर पाहिले तर एक नदी दुसऱ्या नदीला शिवू नये म्हणून तिला जमिनीखालून नेली जात आहे. कान्ह ही नदी मानली असती तर सगळा खर्च वर, इंदुरात, तिच्यात पडणारे पाणी शुद्ध करण्यावर झाला असता. नाला मानल्यामुळे खर्चाची जागा पन्नास किलोमीटर खाली सरकली.

अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्याकडे गिरण्यांच्या झांक्या निघतात. शंभर वर्षे झाली त्यांना. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी आणि शहराने झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. गेडेस यांच्या राक्षसानंतर काही वर्षांतच सुरू झालेली ही परंपरा, आणि राक्षस तिच्यातही भरपूर असतात : महिषासुर, पूतना, कालिया. यमुनेतल्या विषारी कालियाचे मर्दन तर मी लहानपणापासून कितीदा पाहिले असेल. फणा हलतो, कृष्ण नाचतो, लोक टाळ्या वाजवतात. कान्ह नदीची झांकी पाहिल्याचे मात्र आठवत नाही. मिरवणूक राजवाड्यावरून कृष्णपुऱ्याकडे येते तेव्हा पुलावर मुंगी शिरायला जागा नसते, आणि विजेच्या माळांचा उजेड खालच्या पाण्यावर हलत असतो.